सैल माप आणि ठोकलेलं माप

पावडर पास करायची माझी एक रीत होती. गिरणीच्या तोंडाखालून मूठभर माल घ्यायचा, दाबायचा आणि मूठ उघडायची. आत बोटांचे ठसे उमटून ढेकूळ तसंच राहिलं तर माल बारीक. मग ते ढेकूळ अंगठ्यानं मोडायचं, दोन बोटांत चोळायचं, आणि कणी लागली नाही की म्हणायचं, "चलो." तो शब्द माझ्या तोंडातून निघाला की पॅकिंगवाले मशीन सुरू करायचे. तो निघाला नाही तर खुद्द मालक येऊन उभा राहिला तरी मशीन बंद.

कारखाना गाझियाबादला. राजस्थानातून ट्रकनं पांढरा दगड येतो, तो आम्ही दळतो. त्यातला बराच माल पोत्यांनी रंगवाल्यांना आणि पुट्टीवाल्यांना जातो. दिवाळीच्या आधी त्याच दगडाची रांगोळी होते, तिची पाकिटं महाराष्ट्रात जातात. आमच्याकडं या दगडाला शिरगोळा म्हणतात. इथं दिल्लीत वाढलेल्या माझ्याच मुलाला हा शब्द कळत नाही. तो 'व्हाइट स्टोन' म्हणतो.

मी चौथीपर्यंत शिकलो. आमच्या गावची निम्मी माणसं सोन्याचांदीच्या गलाईत, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात. करोल बागेत माझे चुलतभाऊ अजून तेच करतात. मीसुद्धा त्यांच्याच मागं आलो होतो. भट्टीच्या धुरानं छाती भरायला लागली म्हणून मी तिथून बाहेर पडलो आणि इकडं लागलो. चुलतभाऊ सणावाराला भेटले की चिडवायचे, "आम्ही सोनं गाळतो आणि हा दगड दळतो."

मी म्हणायचो, "तुमचं सोनं चांगलं की वाईट हे सराफ सांगतो. माझा दगड चांगला की वाईट हे मी सांगतो."

त्यावर ते विषय बदलायचे. 

गिरणीखाली माझं स्टूल होतं. त्यावर बायकोनं जुन्या लुगड्याची शिवलेली गादी. माझी साठी उलटली तेव्हा मालक स्टुलापाशी येऊन म्हणाला होता, "चाचा, जब तक हाथ चलता है, ये जगह आपकी." मालक माझ्यापेक्षा वयानं लहान. त्याच्या बापालाही मीच माल पास करून देत होतो.

ती मुलगी कारखान्यात आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता, हे आधी लिहून ठेवतो. नाहीतर लोक म्हणतील म्हातारा पहिल्यापासूनच जळत होता.

ती विदर्भातली. मोठ्या सरकारी परीक्षेचा अभ्यास करायला दिल्लीला आलेली. करोल बागेजवळ एका खोलीत तिघी-चौघी राहायच्या. परीक्षा पास होईना, घरून फोन यायला लागले, तेव्हा केमिस्ट्रीच्या डिग्रीवर तिनं आमच्याकडं नोकरी धरली. मालकानं तिला माल तपासायला ठेवलं होतं, पण तिला बसायला खोलीसुद्धा नव्हती. एकदा चाळणीची जाळी फाटली म्हणून मी चाळणीला मराठीत शिव्या देत होतो. मागून आवाज आला, "काका, तुम्ही महाराष्ट्रातले?"

त्या गोंगाटात आपली भाषा ऐकली आणि माझे हातच थांबले. दुपारी तिला डब्यातली भाकरी दिली. ती म्हणाली, "किती दिवसांनी ज्वारीची खातेय, काका." तिला सगळ्या कारखान्याला मी दाखवून आणलं. हमालांना सांगितलं, "ये हमारे गाँव की लड़की है." गाव कुठलं, आमच्यात अख्खा महाराष्ट्र आडवा पडलेला. पण दिल्लीत तेवढं चालतं.

रविवारी तिला घरी जेवायला आणलं आणि तिथून बिघडलं.

माझी बायको तशी कमी बोलणारी. पण त्या दिवशी दोघी स्वयंपाकघरात शिरल्या त्या बाहेर येईनात. मी टीव्ही लावून बसलो. आतून हसण्याचे आवाज. मी टीव्ही मोठा केला, त्या आणखी मोठ्यानं बोलायला लागल्या. मग जेवायला बसलो. लग्नापासून आमच्या घरात तव्यावरची पहिली टम्म फुगलेली भाकरी माझ्या ताटात पडते. त्या दिवशी ती माझ्या डोळ्यासमोरून त्या मुलीच्या ताटात गेली.

"पाहुणी आहे," बायको म्हणाली. मी काही विचारलंही नव्हतं.

पुढच्या रविवारीही ती पाहुणीच होती. त्याच्या पुढच्याही.

संक्रांतीला इथल्या मराठी मंडळाची बस पानिपतला जाते, काला अंबला, म्हणजे जिथं मराठ्यांची लढाई झाली त्या जागी. तिथल्या स्मारकापुढं आमच्या बायका दरवर्षी रांगोळी काढतात. त्या वर्षी ती मुलगीही आली. धुकं असं होतं की बसमधून उतरलेली माणसं चार पावलांवर दिसेनाशी व्हायची. बायका रांगोळी काढायला बसल्या आणि कुणाचीच रेघ धड येईना. रांगोळी चिमटीला चिकटून राहायची, मग एकदम गोळा होऊन पडायची. आमच्याच कारखान्याची पाकिटं होती ती, मीच मंडळाला दिलेली. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

फक्त माझ्या बायकोची रेघ चालली होती, सरळ आणि बारीक, कुठं न तुटता.

"मावशी, तुमची कशी पडतेय?" मुलीनं विचारलं.

"ही ह्यांचीच आहे, पण नुसती नाही," बायको खाली मान घालून रेघ ओढत म्हणाली. "ह्यांची पिठासारखी असते. मी घरीच तव्यावर जरा गरम केली, बाजारातली थोडी जाडसर मिसळली आणि शालीत पोटाशी धरून आणली. मऊ असून काय करायचं? चिमटीतून पडायला पाहिजे."

हे सगळ्यांच्या देखत. मी म्हटलं, "अगं, एवढी बारीक रांगोळी हिंदुस्थानात कुणी देत नाही."

"तेच तर म्हणतेय मी," ती म्हणाली.

बायका हसल्या. मुलगी हसली नाही. ती बायकोच्या शेजारी उकिडवी बसली, आधी तिच्या रांगोळीची चिमूट घेऊन बघितली, मग माझ्या पाकिटातली. परत येताना बसमध्ये मी खिडकीजवळची जागा धरून ठेवली होती. ती माझ्या बायकोशेजारी जाऊन बसली आणि गाझियाबाद येईपर्यंत दोघींचं चिमटीवरच चाललं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलीनं मालकाकडून एक खोली मागून घेतली. पाकिटांच्या तक्रारी येतच होत्या. आमच्याकडून पाकीट काठोकाठ भरून जायचं, वजन बरोबर असायचं, पण ट्रक पुण्याला पोचेपर्यंत माल खाली बसायचा आणि पाकीट अर्धं रिकामं दिसायचं. दुकानदार म्हणायचे, फसवता काय. मुलीनं मालकाला सांगितलं, की माल फार बारीक असला की त्याचे कण एकमेकांना धरून राहतात, मधे हवा अडकते, भरताना फुगून बसतो आणि रस्त्याच्या हादऱ्यानं हवा निघून जाते. असा माल वाहत नाही, चिकटतो. मालक मान डोलवत होता. मी स्टुलावरून ऐकत होतो. माझी मूठ जे सांगायची त्याच्या बरोब्बर उलटं ती सांगत होती.

खोलीत सामान आलं. स्टँडवर बसवलेलं एक नरसाळं. त्याच्याखाली ठेवायचा स्टीलचा पेला. रेघा मारलेला एक उंच काचेचा नळा. वजनकाटा. रीत साधी होती. नरसाळ्याच्या भोकाला खालून बोट लावायचं, वरून माल चाळत सोडायचा, बोट काढायचं. माल आपोआप खाली पेल्यात पडतो, वर शीग, म्हणजे काठावरचा ढीग, येते. ती शीग पट्टीनं सपाट कापायची आणि पेला काट्यावर ठेवायचा. म्हणजे तेवढ्या जागेत सैल पडलेला माल किती भरतो ते कळतं.

"पण हात एकच पाहिजे," मुलगी मालकाला म्हणाली. "रोज वेगळ्या माणसानं भरलं तर आकडा बदलतो." आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "काका भरतील."

मी हात धुऊन आलो. खरं सांगतो, छाती वीतभर पुढं आली होती.

पेला भरला, शीग आली. आणि पट्टी फिरवायच्या आधी माझ्या हातानं पेला टेबलावर ठोकला. टक. माल खाली बसला, मी वर आणखी टाकला.

"काका, ठोकू नका."

पुन्हा भरला. पुन्हा ठोकला.

"काका..."

"अगं, ठोकल्याशिवाय माप कसं होईल?"

तिला कळणार नाही ते. माझा बाप खळ्यावर धान्य मोजून द्यायचा. सुताराला, लोहाराला, मांग-महारांना, ज्यानं वर्षभर काम केलं त्याला. पायली भरली की बाप ती हलवायचा, तळहातानं ठोकायचा, दाबायचा, पुन्हा भरायचा आणि वर सांडेपर्यंत शीग लावायचा. सैल माप घालणारा माणूस आमच्यात हलका. त्याच्या खळ्यावर पाहुणा पाणी प्यायचा नाही. ते बघत मी मोठा झालो, आणि ही मला सांगतेय सैल भरा.

"सैल मोजलं तर ते माप नाही पोरी, ती लबाडी आहे."

"आपण कुणाला देत नाही आहोत काका, आपण फक्त बघतोय."

"बघतानाही लबाडी का करायची?"

मालक हसला. मुलगी हसली नाही. तिनं मला पुन्हा भरायला लावलं, पुन्हा आणि पुन्हा. काटा दर वेळी वेगळा आकडा दाखवायचा आणि दर वेळी जड. शेवटी मी म्हटलं, "तुमचा पेला वाकडा आहे," आणि स्टुलावर येऊन बसलो. मूठ काही वाकडी नसते.

त्यानंतरच्या आठवड्यात मी गिरणीखाली बसलो होतो आणि गेटातून माझी बायको आत आली. पायात मोजे आणि चपला, अंगात मुलाचा जुना स्वेटर, हातात पर्स. ती पर्स लग्नाकार्यालाच निघते.

"तू कशाला?"

"बोलावलंय."

"कुणी?"

"मॅडमनी."

घरी जी 'पोरी' होती ती इथं 'मॅडम' झाली होती. बायको सरळ खोलीत गेली. मी काही गेलो नाही, पण खोलीची खिडकी स्टुलाच्या समोरच आहे, त्याला मी काय करणार. तिनं पदर खोचला. नरसाळ्याला बोट लावलं. वरून चाळणीतून माल सोडला, हळदीच्या डब्यात हळद सोडावी तसा. बोट काढलं. पेल्यावर शीग आली तरी तिनं पेल्याला हात म्हणून लावला नाही. पट्टी ठेवली आणि एकदाच ओढली. काट्यावर ठेवलं. पुन्हा भरलं, पुन्हा ठेवलं. मुलगी काट्याकडं बघून हसायला लागली. मला आकडा दिसत नव्हता, पण दोन्ही वेळा तोच आला हे त्या हसण्यावरून कळलं.

"वाह, चाचीजी!" मालक म्हणाला. "आप कल से आ जाइए."

मला विचारलं नाही. तिनंही विचारलं नाही. ती म्हणाली, "आ जाऊंगी," आणि खिडकीतून माझ्याकडं बघून पदर सोडला.

मग ई-रिक्षात आम्ही दोघं शेजारी बसून कामाला जायला लागलो. तिला साडीवर घालायला पांढरा कोट मिळाला. मला इतक्या वर्षांत एक टोपी मिळाली होती, तीसुद्धा उंदरांनी खाल्ली. संध्याकाळी घरी आलो की पूर्वी मी बोलायचो आणि ती ऐकायची. आज कसला दगड आला, कुणी कशी चूक केली. आता ती बोलायची. आज नरसाळं अडकलं. आज ढीग किती उंच उभा राहिला. वाहणारा माल असला की ढीग पसरट होतो आणि चिकट असला की टोकदार, हे मला ती भांडी घासता घासता सांगायची. मला! मी म्हणायचो, "हूं." ती विचारायची, "ऐकताय ना?" मी म्हणायचो, "हूं."

हमालांना तर विषयच मिळाला. "चाचा, अब तो घर में भी माल पास करवाना पड़ता होगा?" मी त्यांना जे म्हणायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हे सगळं मी सोसलं. पण एके सकाळी मी मूठ दाबून उघडत होतो, अजून अंगठाही लावला नव्हता, आणि खिडकीतून आवाज आला, "चलो हं!"

मशीन सुरू झालं.

माझी मूठ तशीच उघडी. पॅकिंगवाल्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. त्यांना तो 'हं' फार आवडला. दिवसभर एकमेकांना म्हणत होते, "चलो हं, चलो हं."

घरी गेल्यावर मी जेवलो नाही.

"रुसलात?" बायकोनं विचारलं.

"पोरीला भाकरी दिलीस. आता माझा शब्दही घेतलास."

"तो काय तुम्ही खुंटीला टांगून ठेवला होता?"

"सगळ्यांना माहीत आहे तो कुणाचा आहे."

ती पीठ मळत होती, तिचा हात थांबला. "लग्न झाल्यापासून घरात 'चलो' तुम्हीच म्हणत आलात. गावाला चलो. आता पुरे झालं, चलो. माझ्या भावाच्या घरी दोन घास सुखानं खात नव्हते की दारातून तुमचं 'चलो'. मी एकदा म्हटलं तर एवढं कानाला लागलं?"

"ते घर होतं. हे कारखान्याचं काम आहे."

"म्हणूनच तर म्हटलं. घरात मला कोण म्हणू देतंय?"

मी उठून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. मागून ती म्हणाली, "शाल घ्या." घेतली नाही.

पावसाळ्यात हवा दमट झाली आणि गिरणीतून असा माल पडला की काय सांगू. मी मूठ दाबली तर ढेकळावर माझ्या बोटांच्या रेषा उठल्या. इतका बारीक माल मी फार क्वचित बघितला होता. मी बायकोची वाट न बघता ओरडलो, "चलो!" आवाज पत्र्यापर्यंत गेला असेल.

"थांबा," खिडकीतून बायको म्हणाली. कारखान्यात, सगळ्यांसमोर, नवऱ्याला.

मालकही होता. आम्ही सगळे खोलीत गेलो. तिनं नरसाळं भरलं आणि खालचं बोट काढलं. काही पडलं नाही. माल भोकाच्या वर कमान धरून लटकून राहिला होता. भोकातून उजेड दिसत होता आणि माल जागच्या जागी.

मी पुढं झालो आणि नरसाळ्याला एक थप्पड हाणली. सगळा माल भस्कन पेल्यात कोसळला, टेबल पांढरं झालं.

"पडला की नाही?"

"तुम्ही मारलंत म्हणून पडला," बायको कोट झटकत म्हणाली. "रांगोळी काढताना बाईच्या चिमटीला कोण थप्पड मारणार आहे?"

हमाल खिडकीबाहेर होते. ते असे हसले की मालकालाही हसू आवरेना. मग तो म्हणाला, "ये माल रांगोली में नहीं जाएगा. पुट्टी में डालो."

माझा 'चलो' नापास होऊन परत आला तो त्या दिवशी पहिल्यांदा. मी गिरणीखाली गेलो, स्टुलावरची गादी काढून काखेत मारली आणि घरी निघून आलो. सगळ्यांनी बघावं म्हणून गेटातून चालत आलो, मागच्या दारानं नाही.

काही दिवस घरीच बसलो. घर सकाळी रिकामं व्हायचं. ती डबा करून, मला चहा ठेवून, पर्स घेऊन निघायची. मी चादरीची घडी घालायचो, पुन्हा उलगडायचो. एकदा दुपारी मुलगी आली. आत येऊन माझ्यासमोर खाली बसली.

"काका, मला ठोकायला माणूस पाहिजे."

"मला चिडवायला आलीस?"

"नाही हो. सैल भरलेला आकडा निम्मंच सांगतो. तोच माल काचेच्या नळ्यात सैल भरायचा, रेघ बघायची. मग नळा थोडा उचलून रबरावर सोडायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा सोडायचा. माल बसायचा थांबेपर्यंत. मग परत रेघ बघायची. खूप खाली बसला तर माल चिकट, तो रस्त्यातही बसणार. कमी बसला तर वाहणारा. त्याचं मशीन असतं, पण मालक म्हणतात पुढच्या वर्षी बघू. मावशी ठोकतात तेव्हा त्यांचा हात दमतो आणि ठोका हलका-जड पडतो. हमालाला दिलं तर त्यानं नळा फोडला. तुमच्यासारखं एकसारखं कुणी ठोकत नाही काका."

शेवटचं वाक्य खरं होतं. त्यात उपकार नव्हते.

"म्हणजे आधी हिनं भरायचं?"

"हो."

"आणि हिनं भरलेल्यावर मी ठोकायचं?"

"हो काका."

"मग नाही."

ती गेली. तरी दुसऱ्या दिवशी मी गेलो. हमालाच्या हातात पुन्हा काच द्यायची म्हणजे मूर्खपणा, आणि माल शेवटी माझ्याच गिरणीचा. गादी घेऊन गेलो नाही.

तर आता खोलीत ती आणि मी. ती भरते, मी ठोकतो. एवढ्यावर गोष्ट गोड झाली असं कुणी समजू नये. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की मला कुठं नेऊन बसवलंय. माल चांगला असला, की मी कितीही ठोकलं तरी तो खाली बसत नाही. तिची रेघ तिथंच राहते. म्हणजे तिचं काम बरोबर असेल तेव्हा माझ्या ठोकण्यानं काहीच होत नाही, आणि सगळे खूश होतात. माल वाईट असला की तो माझ्या हाताखाली धाडकन बसतो. माझा हात दिसतो तो फक्त वाईट मालात.

मग मला वाटायचं, बसावा. एकदा तरी चांगला बसावा. ती रेघ बोटभर खाली जावी आणि तिनं बघावी. हात नकळत वर जायचा.

"एवढं वर नका उचलू," ती नळ्याकडं बघतच म्हणायची. "मॅडमनी सांगितलं तेवढंच."

"तेवढंच उचलतोय."

"नाही. शेजाऱ्यानं पाणी तोडलं म्हणून दार वाजवायला गेल्यासारखं ठोकताय."

"तुझी पट्टी जरा वर राहते, ते बघ आधी."

"माझी पट्टी?"

"हो."

मुलगी मधे पडायची नाही. ती बाहेर जाऊन फोनवर बोलत असल्याचं नाटक करायची.

दिवाळी जवळ आली. रांगोळीचा मोठा माल निघाला. त्या दिवशी मुलगी परीक्षेला गेली होती. तिनं पुन्हा अर्ज भरला होता आणि ही गोष्ट बायकोला माहीत होती, मला नाही. बाहेर ट्रक उभा, पॅकिंगवाले मशीनला हात लावून उभे. खोलीत आम्ही दोघंच.

नरसाळ्यातून माल सळसळत पडला. ढीग पसरट झाला. मग तिनं नळा सैल भरला, रेघ बघितली, मला दिला. मी रबरासमोर बसलो आणि ठोकायला लागलो. टक. टक. टक. माल जेमतेम हलला. आणखी ठोकला. तिथंच. रांगोळी पास होती. आमच्याकडं निघालेल्यात सगळ्यात छान.

मी तिच्या 'चलो'ची वाट बघितली.

ती पट्टी पुसत राहिली. स्वच्छ पट्टी पुन्हा पुसली, मग पेला पुसला, मग काट्याची ताटली. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "क्या हुआ चाची?" तिनं ऐकलंच नाही असं केलं. खिडकीकडं पाठ करून उभी राहिली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ती मला देत होती.

मला त्याचं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जो शब्द माझ्याकडून गेला तो तिच्याकडं इतका जास्त झाला होता की ती तो वाटू शकत होती, एखाद्यानं उरलेलं ताट पुढं सरकवावं तसा. कारखान्यात माझ्याकडं काय होतं दुसऱ्याला द्यायला? मी नळ्यातला सगळा माल परातीत ओतला आणि रिकामा नळा तिच्यापुढं ठेवला.

"परत भर."

"कशाला? बसला नाही ना?"

"मी वर उचलत होतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

"तर परत भर म्हणतो ना."

तिनं भरला. सैल, हळदीसारखा. रेघ बघितली. मी नळा घेतला आणि सांगितलंय तेवढाच उचलला. त्याच्यावर एक कणभर नाही. बाहेर लोक ओरडत होते, ट्रकवाला हॉर्न देत होता. मी माल बसायचा थांबेपर्यंत ठोकला आणि थांबल्यावरही थोडा ठोकला, बापानं पायलीवर शेवटचा तळहात मारावा तसा. मग रेघ बघितली. तीही वाकली. दोघांनी तीच रेघ बघितली.

मी उठलो, खिडकीशी गेलो.

"चलो!"

मशीन सुरू झालं. मागून ती म्हणाली, "हं." एवढंच. पॅकिंगवाले हसले. कशाला, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी मुलगी परीक्षेहून थेट घरी आली. थकलेली, पेपर बरा गेला म्हणाली. बायकोनं तवा ठेवला. पहिली भाकरी चांगली फुगली, चारी बाजूंनी, कुठंही फुटली नव्हती. बायकोनं ती उचलली आणि मुलीच्या ताटात घातली.

"पाहुणी आहे," मीच म्हटलं.

दुसरी भाकरी माझ्या ताटात आली. तीही फुगलेली होती. पण पहिलीएवढी नाही, मी दोन्ही बघितल्या आहेत.